नीतीला देव लागतो काय?
परमपूज्य बाबासाहेबांचा एकवीस वर्षांचा धम्मशोध

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा बाबासाहेबांवर लेख आमच्याकडे आला. बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरात पाठ आहे. महाड, नाशिक, पुणे करार, राज्यघटना हे लहान पोरंसुद्धा सांगतात. मग नवीन काय लिहावे, या विचारात आम्ही होतो. तेवढ्यात रविवारच्या वंदनेनंतर एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने आम्हांस अडवले. त्याचे म्हणणे असे की, आपण देव मानत नाही, आत्मा मानत नाही. मग चांगले वागायला धम्म तरी कशाला पाहिजे? एक धर्म सोडला तो सोडलाच, लगेच दुसरा कशाला धरला?

मुलगा उद्धट नव्हता. प्रश्न खरा होता. त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके काढली तेव्हा ध्यानात आले की, हाच प्रश्न बाबासाहेबांनी स्वतःला अनेक वर्षे विचारला होता. म्हणून त्यांचे चरित्र या एका प्रश्नाच्या अंगाने सांगतो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते. घरात भजन, दोहे, पाठांतर यांची शिस्त मोठी होती. रामजीबाबा मुलांकडून रामायण-महाभारतही वाचून घेत. भीमरावांनी वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत वरच्या वर्णांचा मोठेपणा आणि शूद्रांची हेटाळणी आहे ते आपण का वाचायचे? वडिलांनी समजावले की, आपल्या मुलांच्या मनातला कमीपणा जावा. द्रोण, कर्ण हेही साध्या स्थितीतून वर आले. मुलाचे काही त्याने समाधान झाले नाही. एवढ्या धार्मिक घरात वाढलेला हा मुलगा लहानपणापासून प्रश्न विचारणारा होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाने त्यांच्या मनात घर केले. परंतु पुस्तक वाचले आणि बौद्ध झाले, असे घडले नाही. मधे जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

पुढे सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले. १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी आले तर राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले. कळल्यावर लोक काठ्या घेऊन दाराशी आले. परदेशात शिकलेला हा विद्वान त्या दिवशी एका बागेत झाडाखाली बसून रडला. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले, तेव्हा हौदावर हातपाय धुतले म्हणून तेथील काही मुसलमान मंडळी अंगावर धावून आली. या दोन अनुभवांनी त्यांना शिकवले की, हिंदूंच्या दृष्टीने जो अस्पृश्य, त्याला इतर धर्मांचे लोकही अस्पृश्यच समजतात. धर्माची पाटी बदलली म्हणजे माणसाचे वागणे बदलतेच असे नाही. बाबासाहेबांच्या सावधपणाचे मूळ इथे आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले. नंतर सनातनी मंडळींनी मंत्र म्हणून, शेण-गोमूत्र टाकून तळे शुद्ध करून घेतले! तळ्यात ढोरं पाणी पीत होती त्याने तळे बाटले नव्हते. माणसाने ओंजळ भरल्याने बाटले. देव होता, ग्रंथ होते, उपासतापास होते. फक्त माणसाशी माणसासारखे वागणे तेवढे त्या धर्मात बसत नव्हते. २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला. तो काही वर्षे चालूनही दार उघडले नाही.

तेव्हा देवावर विश्वास असला की माणूस नीतीने वागतो, ही समजूत त्यांच्यापुरती खोटी ठरली होती. ज्यांनी दार बंद केले ते सगळे देव मानणारेच होते.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मलो हे हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. झाले! निरनिराळ्या धर्मांची मंडळी तारा, पत्रे, निमंत्रणे घेऊन धावली. मुसलमान आले, ख्रिस्ती आले, शीख आले, बौद्धही आले. १९३६ साली ते अमृतसरला शिखांच्या परिषदेस जाऊन आले. त्याच वर्षी ३१ मे रोजी मुंबईत दादरला महार परिषदेत त्यांनी धर्मांतर का, हे लोकांना तपशीलवार समजावून सांगितले. पण कोणत्या धर्मात जायचे हे सांगितले नाही. लोक उतावीळ झाले होते, टीकाकार थट्टा करत होते. बाबासाहेब मात्र वाचत राहिले, पारखत राहिले. येवला ते नागपूर मोजले तर एकवीस वर्षे भरतात. रागाच्या भरात घेतलेल्या निर्णयाला एकवीस वर्षे लागत नाहीत.

या काळात त्यांनी काय पारखले? १९५० साली महाबोधी मासिकातील लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या मांडल्या. त्या आम्ही आमच्या भाषेत सांगतो. एक, समाज टिकायला कायदा किंवा नीती यांचा आधार लागतो. कायदा फार थोड्यांना धाकात ठेवू शकतो, बाकीच्यांना नीतीवरच सोडावे लागते. दोन, धर्म बुद्धीला, विज्ञानाला पटला पाहिजे. तीन, त्याच्या नीतीत स्वातंत्र्य, समता, बंधुता पाहिजे. चार, त्याने गरिबीला पवित्र ठरवू नये. या कसोट्यांत देव कोठेच नाही.

मग त्या मुलाचा प्रश्न उरतोच. देव नको, नुसती नीती पुरे, धम्म कशाला?

याचे उत्तर बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात दिले आहे. त्यांचा विचार थोडक्यात असा. एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की धम्म लागतोच, मग त्यांना आवडो वा न आवडो. इतर धर्मांत देव, आत्मा, पूजा, विधी हे मुख्य असते आणि नीती मागून जोडलेल्या डब्यासारखी असते. गरज पडली की जोडायची, नको तेव्हा सोडायची. आपल्या मलकापूर-शेगाव स्टेशनावर डबे काढता-जोडताना पाहिलेल्या माणसाला हे चटकन समजेल. बुद्धाच्या धम्मात मात्र नीती हा डबा नाही, तीच गाडी आहे. इतरत्र देवाची जी जागा, ती इथे नीतीची आहे.

पण नुसती नीतीही पुरत नाही, असे ते पुढे सांगतात. कारण नीती चोरांच्या टोळीतही असते. चोर आपसांत वाटणी इमानाने करतात, एकमेकांची नावे सांगत नाहीत. जातीचीही अशीच नीती असते. आपल्या जातभाईसाठी जीव टाकायचा आणि दुसऱ्याला पाणीही द्यायचे नाही. महाडला तळे शुद्ध करणारे आपापल्या घरी चांगले बाप, चांगले शेजारीच असतील. म्हणून नीती सर्वांना सारखी लागू पाहिजे आणि ती मोडू नये इतकी पवित्र मानली गेली पाहिजे. पवित्र कशाने? देवाच्या धाकाने नाही. माणसाने माणसावर प्रेम करावे या गरजेने. हे काम एकटा माणूस आपल्या मनाशी करू शकत नाही. त्याला समाज लागतो, पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव लागतो. म्हणून धम्म.

बाबासाहेबांना दोन्ही बाजूंनी टीका सोसावी लागली. धर्म ही अफू आहे म्हणणाऱ्यांना त्यांचे धर्मांतर मागे जाणे वाटले. त्यांना उत्तर म्हणून २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूला त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. गरिबी आणि शोषण संपले पाहिजे हे दोघांनाही मान्य. पण बळजबरीने आणलेली व्यवस्था बळ संपल्यावर कशावर टिकणार? माणसाचे मन बदलले असेल तरच ती टिकेल, असा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या बाजूने जुन्या बौद्ध मंडळींनाही शंका होती. त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली निघाला. १९५९ साली महाबोधी मासिकातील परीक्षणात असा सूर निघाला की, हा बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचाच धम्म आहे. हा नवा पंथ आहे काय, ही शंका आजही लोक घेतात.

शंका घेण्यात पाप नाही. कालामांची गोष्ट आपण वंदनेला ऐकतो. केसपुत्त गावात नवे नवे गुरू येत, आपले तेवढे खरे आणि दुसऱ्याचे खोटे सांगत. लोक गोंधळले आणि त्यांनी भगवंतांना विचारले की विश्वास कोणावर ठेवावा. भगवंतांनी स्वतःवर विश्वास ठेवायला सांगितले नाही. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. लोभ, द्वेष, मोह वाढतो की कमी होतो हे स्वतः पाहा, असा त्यांचा उपदेश होता. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. परलोक असेल तर चांगले वागणाऱ्याचे भलेच होईल, आणि नसेल तरी तो याच जन्मी सुखाने जगेल. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव दिले, तेही आम्हांस या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. मिलिंद हा भदन्त नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारणारा राजा!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी माईसाहेबांसह दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो लोकांना दिली. आपल्या भागातून मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती, असे म्हातारी माणसं सांगत. कोणी किडूकमिडूक विकून गेले, कोणी भाकरी बांधून पायी निघाले. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा नीट वाचल्या तर दिसते की, आधी काय सोडायचे ते आहे आणि मग कसे वागायचे ते आहे. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी बजावले की जबाबदारी आता तुमची आहे. असे वागा की लोक तुम्हाला मान देतील, नाहीतर महारांनी धम्म बुडवला असे होईल. उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा, असेही सांगितले. त्यानंतर त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

माणसं परत आली ती वेगळी होऊन आली. देव्हारे नदीत शिरवले, मेलेली ढोरं ओढणे सोडले. गावकरी म्हणाले की देवाचा धाक गेला, आता हे लोक कसे वागतील कोणास ठाऊक. काही म्हणाले की सवलतींसाठी केले असेल. खरे तर उलटे झाले. बौद्ध झाल्यामुळे अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या त्या १९६० साली दिल्या. केंद्राच्या मिळायला १९९० साल उजाडले. तरी लोक मागे फिरले नाहीत. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते, १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. देवाचा धाक गेलेल्या याच लोकांनी अर्धपोटी राहून पोरं शिकवली, पोरींना शाळेत घातले.

आता थोडे आपल्याविषयी. जयंतीच्या मिरवणुकीत दारू पिऊन नाचणारी पोरं आपलीच आहेत. पंचशील म्हणून झाल्यावर हुंड्याची बोलणी करणारी घरंही आपल्यात आहेत. आपल्यातल्या पोटजाती लग्नाच्या वेळी बरोबर आठवतात. आम्हीही यातून सुटलो आहोत असे नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुसऱ्यांचे आचरण ढळले तरी त्यांच्याकडे देव उरतो, नवस उरतो, यात्रा उरते. आपल्याकडे आचरण गेले तर मागे काहीच उरत नाही. भिंती, मूर्ती आणि मेणबत्त्या तेवढ्या राहतील.

त्या मुलाला आमचे उत्तर एवढेच. चांगले वागायला देव लागत नाही, हे तुझे म्हणणे बाबासाहेबांनाही मान्य होते. पण एकट्याचे चांगले वागणे फार टिकत नाही. रागावलेल्या दिवशी, पैशाच्या अडचणीत, पुतण्याच्या लग्नात ते ढळते. तेव्हा हटकणारी, सावरणारी चार माणसं लागतात. विहार त्यासाठी आहे. तू शंका घेऊन येत जा. शंका नसलेल्या माणसापेक्षा तुझी इथे जास्त गरज आहे.

सर्व उपासक-उपासिकांना वर्धापनदिनाच्या मंगलकामना.

नमो बुद्धाय! जयभीम!