ओझोनची जाडी मोजणारे गॉर्डन डॉब्सन

नवी दिल्ली, १५ सप्टेंबर : उद्या जगभर आंतरराष्ट्रीय ओझोन दिन पाळला जाईल. दरवर्षी याच सुमारास अंटार्क्टिकावरील ओझोनच्या विवराची मोजमापे प्रसिद्ध होतात आणि त्यांत एक शब्द हमखास असतो : डॉब्सन एकक. तिथल्या आकाशातील ओझोन अमुक इतक्या एककांवर उतरला, असे आपण वाचतो. ते एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते गॉर्डन मिलर बोर्न डॉब्सन मात्र त्या बातमीत सहसा येत नाहीत. ओझोनचे विवर जगाला कळले १९८५ मध्ये. डॉब्सन त्याच्या नऊ वर्षे आधीच निवर्तले होते. ते कळले मात्र त्यांनी घडवलेल्या यंत्रामुळे आणि त्यांच्या हयातीत सुरू झालेल्या नोंदींमुळे.

डॉब्सन यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८८९ रोजी इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवराच्या परिसरात झाला. वडील डॉक्टर होते. केंब्रिज विद्यापीठात शिकत असतानाच या सरोवराचे पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे मंद लयीत कसे हेलकावते, याची मोजणी त्यांनी केली आणि १९११ मध्ये ती ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्धही झाली. पुढे उपेव्हन येथील वैमानिक प्रशिक्षण केंद्रात हवामानशास्त्राचे अध्यापन, पहिल्या महायुद्धात फार्नबरो येथील विमान कारखान्याच्या प्रायोगिक विभागाची जबाबदारी आणि १९२० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात अधिव्याख्यातापद, असा त्यांचा प्रवास झाला.

ओझोनकडे ते वळले उल्कांच्या वाटेने. ऑक्सफर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडमन यांच्यासह त्यांनी उल्कांच्या तेजोरेषांचा अभ्यास केला. उल्का किती उंचीवर पेटते आणि कुठे विझते, यावरून तिथल्या हवेची घनता काढता येते. हे गणित केल्यावर सुमारे पन्नास किलोमीटर उंचीवरची हवा तत्कालीन समजुतीपेक्षा बरीच उष्ण असली पाहिजे, असा निष्कर्ष १९२३ मध्ये निघाला. वर जावे तसतसे थंड होत जाते, हा त्या काळचा सर्वसाधारण ग्रह होता. मग ही ऊब आली कुठून? सूर्याचे अतिनील किरण शोषून घेणारा ओझोन हे तिचे कारण असावे, असा तर्क दोघांनी मांडला. तर्क मांडून थांबणे डॉब्सन यांच्या स्वभावात नव्हते. ओझोन रोज मोजता आला पाहिजे, असे त्यांनी ठरवले.

आकाशात ओझोन आहे आणि तो फार थोडा आहे, हे फ्रान्समध्ये शार्ल फाब्री आणि आंरी ब्युइसाँ यांनी आधीच दाखवून दिले होते. किती थोडा? आपल्या डोक्यावरील वातावरणातला सगळा ओझोन शून्य अंश तापमानाला, समुद्रसपाटीवरील दाबाखाली जमिनीवर आणून पसरला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा होईल. एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा. या मापाचा शंभरावा हिस्सा, म्हणजे मिलिमीटरचा शतांश, म्हणजे आजचे एक डॉब्सन एकक. तीन मिलिमीटर म्हणजे तीनशे एकक.

एवढा विरळ थर मोजणारे पहिले उपकरण डॉब्सन यांनी १९२४ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या बोर्स हिल येथील आपल्या घरच्या कार्यशाळेत तयार केले. सूर्यप्रकाशाचा वर्णपट छायाचित्रणाच्या काचेवर उमटवणारा तो वर्णपटलेखक होता. लगेच तशीच आणखी पाच उपकरणे तयार होऊन युरोपात वेगवेगळ्या ठिकाणी गेली. स्वित्झर्लंडमधील अरोसा येथे १९२६ मध्ये सुरू झालेली नोंद आजही चालू असून ओझोनची ती जगातील सर्वांत दीर्घ नोंदमालिका आहे. ठिकठिकाणचे निरीक्षक काचा ऑक्सफर्डला पाठवत आणि तिथे त्यांचे मोजमाप होई. १९२८ मध्ये ही उपकरणे युरोपातून हलवून जगभर पांगवण्यात आली. कॅलिफोर्निया, इजिप्त, न्यूझीलंड आणि चौथे ठिकाण आपले कोडाईकनाल.

योगायोग असा की, नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतकपाटांसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील वायू सिद्ध केला. मिजली यांचाही जन्म १८८९ चाच. विषारी नाही, पेट घेत नाही, कशाशी सहज संयोग पावत नाही, असा हा वायू त्या काळी मोठे वरदान ठरला. कशाशीही संयोग न पावण्याचा हाच गुण त्याला वर्षानुवर्षे टिकवून थेट ओझोनच्या थरापर्यंत पोहोचवणार होता. दोघांपैकी कोणालाही याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

कोडाईकनालसह सर्व ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्यावर एक विसंगती समोर आली. ओझोन प्रखर सूर्यप्रकाशात तयार होतो, म्हणजे तो विषुववृत्ताजवळ सर्वाधिक हवा. प्रत्यक्षात तो तिथेच सर्वांत कमी आणि वर्षभर जवळजवळ स्थिर आढळला. उत्तरेकडील थंड प्रदेशांत भरपूर, आणि तोही वसंत ऋतूत. या कोड्याचा उलगडा व्हायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉब्सन आणि त्यांचे सहकारी ॲलन ब्रुअर यांनी उंचावरील हवेतील बाष्प मोजले, तेव्हा स्थितांबर कमालीचे कोरडे असल्याचे दिसून आले. हवा उष्ण कटिबंधात वर चढते, थंडीने बाष्प गमावते, ध्रुवांकडे सरकते आणि तिथे खाली उतरते. जाताना ओझोनही घेऊन जाते. आज हे चक्र ब्रुअर-डॉब्सन अभिसरण म्हणून ओळखले जाते. उत्तर गोलार्धातील शीतकपाटांतून आणि फवाऱ्याच्या डब्यांतून निसटलेला वायू अंटार्क्टिकावरील स्थितांबरात कसा पोहोचतो, याचे उत्तरही याच चक्रात आहे.

दरम्यान छायाचित्रणाच्या काचांची जागा नव्या यंत्राने घेतली होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस डॉब्सन यांनी प्रकाशविद्युत घटावर चालणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर रचला. त्याचे तत्त्व साधे आहे. अतिनील प्रकाशातील दोन जवळच्या तरंगलांबी निवडायच्या : एक ओझोन अधिक शोषून घेतो अशी, दुसरी कमी शोषतो अशी. दोन्हींच्या तीव्रतेतील फरक ओझोनच्या प्रमाणानुसार बदलतो. प्रकाश अडवणारी काचेची पाचर तबकडी फिरवून सरकवत न्यायची. दोन्ही तीव्रता समान झाल्या की तबकडीवरचा आकडा टिपायचा. अशी शंभराहून अधिक यंत्रे पुढे तयार झाली. अनेक दशकांपूर्वीची काही आजही कामावर आहेत आणि नव्या उपकरणांची पारख करण्यासाठी वापरली जातात.

या कामाशी भारताचा संबंध कोडाईकनालपुरता राहिला नाही. भारतीय हवामान खात्याचे महासंचालक राहिलेले चार्ल्स नॉर्मंड निवृत्तीनंतर ऑक्सफर्डला डॉब्सन यांच्याकडे गेले आणि १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगात डॉब्सन अध्यक्ष असताना सचिव झाले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक के. आर. रामनाथन यांनी उष्ण कटिबंधातील ओझोनचा अभ्यास उभारला. त्यांच्यासह प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांत करंदीकर, कुलकर्णी ही मराठी वाचकाला घरची वाटावीत अशी नावे आढळतात. हवामान खात्याच्या पुण्यातील उपकरण विभागात ॲना मणी यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात बलूनमधून वर जाऊन ओझोन मोजणारे भारतीय उपकरण तयार झाले.

डॉब्सन यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलका प्रसंग मात्र त्यांच्या निवृत्तीनंतरचा आहे. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने ब्रिटिशांनी अंटार्क्टिकावर हॅली बे येथे तळ उभारला आणि नीट तपासून एक डॉब्सन यंत्र तिथे पाठवले. १९५६ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये तिथून आकडे आले ते अपेक्षेपेक्षा सुमारे दीडशे एककांनी कमी. अपेक्षा बांधली होती उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गनमधील नोंदींवरून. यंत्र बिघडले असावे किंवा निरीक्षक चुकत असावा, असा संशय येणे स्वाभाविक होते. नोव्हेंबरमध्ये आकडे अचानक वर उसळून अपेक्षित पातळीवर आले, तेव्हा कोडे अधिकच वाढले. ते आकडे बाद झाले नाहीत, की त्यांचा गाजावाजाही झाला नाही. पुढच्या वर्षी तोच क्रम जसाच्या तसा दिसला, तेव्हा डॉब्सन यांनी पहिले आकडे खरे मानले. दक्षिण ध्रुवाभोवती हिवाळ्यात वाऱ्यांचा बळकट भोवरा तयार होतो, तो बाहेरची ओझोनयुक्त हवा आत येऊ देत नाही आणि वसंतात तो मोडला की ओझोन वाढतो, हा त्याचा अर्थ होता.

या प्रसंगाचा आधार घेऊन विवर पूर्वीपासूनच होते, असे सांगणारे आजही भेटतात. तो दावा टिकणारा नाही. त्या वेळचे कमी आकडेही तीनशे एककांच्या आसपास होते. आज विवर म्हणतात ते २२० एककांच्या खाली. पूर्वी तिथे किती ओझोन असे, हे आपल्याला माहीत आहे ते या नोंदींमुळेच.

१९७४ मध्ये शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे ओझोनचा नाश होईल, असा इशारा दिला. त्यावरचा वाद ऐन रंगात असताना, ११ मार्च १९७६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी डॉब्सन यांचे निधन झाले. पक्षाघाताचा झटका आला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते घरच्या यंत्रावर ओझोन मोजत होते.

हॅली येथील मोजणी त्यांच्यानंतरही चालू राहिली. तिचा उपयोग काय, असा प्रश्न त्या काळी विचारला गेला असता तर ठाम उत्तर देणे कठीण गेले असते. मग ऑक्टोबरमधले आकडे घसरू लागले. १९८४ पर्यंत सरासरी दोनशे एककांच्याही खाली गेली. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी मे १९८५ मध्ये हे प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहाकडेही हे आकडे होते. परंतु इतकी कमी मापे शंकास्पद म्हणून वेगळी काढली जात असल्यामुळे ती उशिरा उजेडात आली. ओझोनच्या रक्षणासाठीचा व्हिएन्ना करार मार्च १९८५ मध्ये झाला होता, पण त्यात कोणावरही ठोस बंधन नव्हते. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल प्रोटोकॉलवर स्वाक्षऱ्या झाल्या.

हा करारही सुरुवातीला अपुराच होता. क्लोरोफ्लुरोकार्बनचा वापर निम्म्यावर आणण्याचेच त्यात ठरले होते. भारत आणि चीन त्यापासून दूर राहिले, कारण हा वायू हवेत सोडला होता प्रामुख्याने श्रीमंत देशांनी आणि पर्यायी तंत्रज्ञानही त्यांच्याच हाती होते. १९९० च्या लंडन बैठकीत संपूर्ण बंदी आणि विकसनशील देशांसाठी निधी, असे दोन्ही मान्य झाले. भारताच्या वतीने तिथे तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी बाजू मांडली. १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला आणि दमेकऱ्यांच्या इनहेलरचा अपवाद वगळता १ ऑगस्ट २००८ पासून, म्हणजे मुदतीच्या सतरा महिने आधी, क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन देशात थांबले. आज जगातील सर्व देश या कराराचे सदस्य आहेत. निर्बंध असेच पाळले गेले तर अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय गटाचा अंदाज आहे.

हॅलीचा तळ ज्या तरंगत्या हिमपट्टावर आहे, त्याला भेगा पडल्याने २०१७ पासून तिथे हिवाळ्यात माणसे राहत नाहीत. डॉब्सन यंत्र तिथे आता स्वयंचलित करण्यात आले आहे.