पाटातले पोहणारे आणि त्यांचे मास्तर

कोकणातल्या मुलाला पोहायला शिकण्यासाठी वर्गात घालावे लागत नाही. आमच्या कुडाळला भंगसाळ नदी आहे, गावोगाव व्हाळ आणि डोह आहेत, बागांतल्या विहिरी आहेत. मोठा भाऊ नाहीतर मामा सुक्या नारळांची जोडी कमरेला बांधून मुलाला पाण्यात सोडतो आणि चार-आठ दिवसांनी नारळ काढून घेतो. मग मुटके, सूर, बुड्या सारे आपोआप येते. दहावीच्या सुमारास ते आपोआप सुटतेही. पुढे कॉलेज, नोकरी आणि मुंबईची गाडी. नदीवर तरबेज मुले दिसली नाहीत असा एकही उन्हाळा मला आठवत नाही. पण त्यांतले कोणी पोहण्याच्या जोरावर विद्यापीठात गेले, असेही आठवत नाही. म्हणूनच जगाच्या दुसऱ्या टोकाला होऊन गेलेल्या एका शाळामास्तरांचे चरित्र मला घरचे वाटते.

सोइची साकामोटो यांचा जन्म १९०६ साली हवाई बेटांपैकी माउई बेटावर झाला. आईवडील जपानहून आलेले. बेटावर उसाचे अफाट मळे होते आणि त्यांत राबायला जपान, फिलिपीन्स, पोर्तुगाल अशा दूरदूरच्या मुलखांतून माणसे आणलेली. साकामोटो पुउनेने गावच्या शाळेत शिक्षक झाले. शाळेच्या आसपास मळ्यांना पाणी देणारे पाट वाहत होते. उन्हाने कावलेली मजुरांची पोरे त्यांत उड्या मारायची आणि मळ्याचे पहारेकरी त्यांना हुसकून लावायचे. मास्तरांनी मळेवाल्यांकडे जाऊन रदबदली केली. मुलांना पाण्यात उतरू द्या, लक्ष मी ठेवतो, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली. ही गोष्ट १९३०च्या दशकातली.

गंमत म्हणजे मास्तर स्वतः काही पट्टीचे पोहणारे नव्हते. पण ते शिक्षक होते. बघणे, मोजणे आणि चुकत असेल ते बदलणे त्यांना ठाऊक होते. पाट अरुंद आणि उथळ, पाणी गढूळ आणि वाहते. मास्तरांनी काठावर अंतराच्या खुणा केल्या. मुलांनी प्रवाहाविरुद्ध जोर लावून ठरलेल्या खुणेपर्यंत जायचे, मग प्रवाहाबरोबर निवांत परत यायचे आणि पुन्हा वर निघायचे. कष्ट आणि विसावा यांची अशी आलटून पालटून रचना आज जगभरचे प्रशिक्षक करतात. मास्तरांना ती पुस्तकाने नव्हे, उताराने शिकवली.

१९३७ मध्ये त्यांनी या पोरांचा एक क्लब काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘तीन वर्षांचा पोहण्याचा क्लब’. तीनच वर्षे का? तर १९४० चे ऑलिंपिक टोकियोत व्हायचे होते. उसाच्या मळ्यातली मुले अमेरिकेच्या संघातून आपल्या आजोबांच्या देशात पोहायला जातील, असे ते स्वप्न. ज्या घरांत दोन वेळची भ्रांत, तिथे ऑलिंपिकची गोष्ट बोलणे म्हणजे लोकांना हसायला निमित्त देणे. पण मास्तरांनी पोरांच्या झोपण्याखाण्यापासून शिस्त लावली आणि कामाला सुरुवात केली.

पोरांनीही कमाल केली. टाकाशी हिरोसे १९३८ मध्ये अमेरिकेच्या संघातून जर्मनीला जाऊन आला. १९३९, १९४० आणि १९४१ अशी लागोपाठ तीन वर्षे अमेरिकेचे खुल्या तलावावरचे पुरुषांचे राष्ट्रीय सांघिक विजेतेपद या क्लबने पटकावले. फुजिको कात्सुतानी या मुलीनेही राष्ट्रीय पदक मिळवले. पाटात शिकलेल्या मुलांनी मोठ्या शहरांचे नामांकित क्लब मागे टाकले.

ऑलिंपिक मात्र हुकले. चीनशी युद्धात गुंतलेल्या जपानने १९३८ मध्ये यजमानपद सोडले. स्पर्धा हेलसिंकीला गेल्या आणि महायुद्धामुळे त्याही रद्द झाल्या. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि हवाईतल्या जपानी वंशाच्या प्रत्येक घराकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. हिरोसे त्याच अमेरिकेसाठी युरोपात लढायला गेला आणि पाय जायबंदी करून परतला. भर उमेदीची वर्षे अशी गेली.

आणि इथेच मला या चरित्रातला सगळ्यात महत्त्वाचा धडा दिसतो. मास्तरांचे काम पाटाच्या काठावर संपले असते, तर ही मुले पुन्हा मळ्यात गेली असती. पण हजारो मैलांवर, ओहायो राज्याच्या विद्यापीठात माइक पेपी नावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी पोहणे आणि सूर या दोन्ही खेळांचा असा संघ उभारला की, त्यांच्या काळात विद्यापीठाने अमेरिकेचे आंतरविद्यापीठ अजिंक्यपद ११ वेळा जिंकले. माउईची मुले त्या संघात गेली. किओ नाकामा संघाचा कर्णधार झाला. जायबंदी पायांचा हिरोसे पुन्हा उभा राहिला आणि १९४६ मध्ये १०० यार्डांत आंतरविद्यापीठ विजेता ठरला. लहानपणी विषमज्वराने खंगलेला बिल स्मिथ मास्तरांकडे शिकण्यासाठी होनोलुलू सोडून माउईला आला होता. तोही ओहायोला गेला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने ४०० मीटर फ्रीस्टाइल आणि रिले अशी दोन सुवर्णपदके मिळवली. त्याच स्पर्धेत स्प्रिंगबोर्डवरच्या सुरांत पहिले दोन क्रमांक ओहायोच्याच ब्रूस हार्लन आणि मिलर अँडरसन यांचे होते. तीन वर्षांचे स्वप्न अकरा वर्षांनी पुरे झाले!

युद्धानंतर साकामोटो यांना हवाई विद्यापीठाने प्रशिक्षक म्हणून बोलावले. तिथे त्यांनी सुमारे दोन दशके शिकवले. १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिमंदिरात त्यांचे नाव लागले. १९९७ साली ते वारले. माउईचा तो साखर कारखानाही २०१६ मध्ये बंद झाला.

आपल्याकडे घाटापलीकडच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक आणले. पण सरावासाठी त्याला बंगळूर गाठावे लागले. म्हणजे मुलगा इथला, पाणी इथले. काठावरचा माणूस आणि पुढचे दार मात्र दूर. सिंधुदुर्गातल्या एखाद्या व्यायामशिक्षकाने हातात घड्याळ आणि सोबत दोर घेऊन, पंचायतीच्या संमतीने, बंधाऱ्याच्या सुरक्षित पाण्यात दहा मुलांचे अंतर मोजायला सुरुवात केली, तर त्याला फार खर्च येणार नाही. पुढे त्या मुलांना हात देण्याचे काम मात्र कॉलेजांनी आणि विद्यापीठाने करायला हवे.

यात पदकापलीकडचाही हिशेब आहे. दर उन्हाळ्यात, दर गणपतीत पाण्यात कोणीतरी गेल्याची बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. नाकामा पुढे शिक्षक आणि आमदार झाला. १९६१ मध्ये मोलोकाई ते ओआहू ही सामुद्रधुनी तो १५ तासांहून अधिक वेळ पोहून पार करून गेला. बिल स्मिथने तर होनोलुलूच्या किनाऱ्यांवरच्या जीवरक्षकांची व्यवस्था वर्षानुवर्षे सांभाळली. ज्यांच्यावर एका मास्तरांनी काठावरून नजर ठेवली होती, त्यांतलाच एक पुढे हजारोंवर नजर ठेवत उभा राहिला. भंगसाळीच्या काठावर ती जागा अजून रिकामी आहे.