जेकब रीस : अंधाऱ्या खोल्यांवर उजेड पाडणारा पत्रकार



अमेरिकेतील औद्योगिक काळ शिकवताना कारखाने, रेल्वे, उंच इमारती हे सगळं मुलांच्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं. पण बोटी भरभरून आलेली लाखो माणसं त्या शहरांत राहायची कुठे आणि कशी? हे मुलांना समजावून सांगायचं असेल तर जेकब रीस यांची जीवनकथा फार उपयोगी पडते. कारण ते स्वतः त्याच गर्दीतून आले होते.

रीस यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी डेन्मार्कमधील रिबे या लहानशा गावात झाला. वडील शाळामास्तर. मुलाने मात्र सुतारकाम शिकून घेतलं. गावातल्या एलिझाबेथ या मुलीवर त्यांचं प्रेम होतं, पण तिने नकार दिला. मन उदास झालेलं आणि हाताला पुरेसं कामही नाही. अखेर १८७० मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी ते बोटीने न्यूयॉर्कला आले. गळ्यात एक सोन्याचं लॉकेट होतं आणि त्यात एलिझाबेथच्या केसांची बट होती.

पुढची काही वर्षं फार हालाखीत गेली. कधी कोळशाची खाण, कधी वीटभट्टी, तर कधी कामच नाही! एकदा पावसात भिजलेल्या अवस्थेत त्यांनी पोलीस ठाण्यातल्या निराधारांच्या खोलीत आसरा घेतला. रात्री ते लॉकेट चोरीला गेलं. सकाळी तक्रार केली, तर पोलिसाने त्यांनाच चोर ठरवून बाहेर काढलं. रस्त्यात सोबतीला लागलेलं एक कुत्रं दाराशी वाट बघत बसलं होतं. ते मालकासाठी धावून आलं आणि पोलिसांनी त्याला तिथेच पायरीवर आपटून मारलं. रीस ही गोष्ट आयुष्यभर विसरले नाहीत.

हळूहळू दिवस पालटले. १८७६ मध्ये एलिझाबेथशीच त्यांचं लग्न झालं आणि १८७७ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यून या वर्तमानपत्रात पोलीस वार्ताहराची नोकरी मिळाली. त्यांचं ऑफिस मलबेरी स्ट्रीटवर होतं. आजूबाजूला टेनेमेंट म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या पाच-सहा मजली इमारती. जागा चिंचोळी आणि भाडेकरू जास्त, म्हणून मालक खोलीमागे खोली बांधत गेले. मधल्या खोल्यांना खिडकीच नाही. मग उजेड कुठला आणि हवा तरी कुठली? अशा कोंदट खोल्यांत क्षयरोग आणि कॉलरा पसरायला वेळ लागत नसे.

रीस बातम्या लिहीत होते, पण वाचणाऱ्यांवर फारसा परिणाम होत नव्हता. १८८७ मध्ये अंधारात फोटो काढता येईल अशा मॅग्नेशियमच्या पावडरीबद्दल त्यांनी वाचलं आणि कामाला लागले. त्या पावडरीचा भडका एवढा मोठा असे की दोनदा ते जिथे फोटो काढत होते तिथेच आग लागली! पण आता पुरावा हातात आला. १८९० मध्ये त्यांचं ‘हाऊ द अदर हाफ लिव्हज’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं आणि सुखवस्तू लोकांना आपल्याच शहराचा दुसरा चेहरा दिसला.

ते पुस्तक वाचून थिओडोर रूझवेल्ट स्वतः त्यांना भेटायला गेले. १८९५ मध्ये रूझवेल्ट पोलीस मंडळाचे प्रमुख झाले, तेव्हा दोघे मिळून रात्री शहरात फिरायचे. १८९६ मध्ये पोलीस ठाण्यांतल्या त्या खोल्या बंद झाल्या. मलबेरी बेंड ही बदनाम वस्ती पाडून १८९७ मध्ये तिथे बाग उघडली. १९०१ च्या कायद्याने नव्या इमारतीत प्रत्येक खोलीला खिडकी आणि प्रत्येक घरात शौचालय सक्तीचं झालं. यामागे अनेकांचे कष्ट होते, पण वातावरण तयार करण्यात रीस यांचा वाटा मोठा होता. २६ मे १९१४ रोजी त्यांचं निधन झालं.

पण मुलांना एवढंच सांगून थांबू नका बरं का. रीस यांच्या त्याच पुस्तकात इटालियन, ज्यू आणि चिनी लोकांबद्दल पूर्वग्रहाने लिहिलेला मजकूरही आहे. शिवाय रात्री अचानक खोलीत शिरून, झोपलेल्यांना दचकवून त्यांनी कित्येक फोटो काढले. स्वतः स्थलांतरित असलेला, उपाशी झोपलेला माणूसही दुसऱ्या स्थलांतरिताला कमी लेखू शकतो, हे कटू असलं तरी खरं आहे.

म्हणून वर्गात दोन प्रश्न जरूर विचारा. चांगल्या कामासाठी कुणाच्या घरात न विचारता फोटो काढावा का? आणि ज्याचा फोटो काढला, त्याला काय वाटलं असेल? उत्तरं वेगवेगळी येतील, येऊ द्या. रीस यांच्या कामाचं मोल त्याने कमी होत नाही. उलट मोठ्या माणसाचे गुण घ्यायचे आणि दोष डोळसपणे पाहायचे, ही सवय मुलांना लागते. घरी पालकांनीही हा विषय जेवताना काढून बघावा. मुलं काय बोलतात ते ऐकण्यासारखं असेल!