मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर

अठराव्या शतकाची अखेरची वर्षे होती. १७९५ साली खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला, त्याच वर्षी सवाई माधवरावांचा अकाली अंत झाला आणि १७९६ च्या डिसेंबरात दुसरे बाजीराव पेशवेपदावर आले. या धामधुमीच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब या नावांचे दोन मल्ल पुण्यास आले, असे आखाड्यांची परंपरा सांगते. गावोगावच्या पैलवानांना चीत करीत आणि जयपत्रे मिळवीत ते आले होते. पेशव्यांच्या पदरी तोडीचा मल्ल असेल तर त्याने आखाड्यात उतरावे, नसेल तर पेशव्यांनी जयपत्र लिहून द्यावे, अशी त्यांची मागणी होती. जयपत्र म्हणजे नुसता कागद नव्हे. खर्ड्याचा विजय ताजा असताना पुण्याच्या दरबाराने निजामाकडील मल्लांपुढे हार लिहून देणे ही सर्व मराठी दौलतीची मानखंडना ठरली असती.

दरबारातील नाणावलेले पैलवान माना खाली घालून बसले. तेव्हा पुढे आला तो अठराएक वर्षांचा एक ब्राह्मण तरुण. त्याचे नाव बाळंभट जनार्दन देवधर. त्याचा जन्म १७८० चा, नाशिक जिल्ह्यातील गोदाकाठच्या कोठुरे गावचा. पूजाअर्चा व वेदपठण करणाऱ्या कुळातला हा मुलगा तालमीत रमला होता, आणि शरीराने अली-गुलाबांच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. त्याने आव्हान स्वीकारले, मात्र तयारीसाठी मुदत मागून घेतली.

मुदत मिळताच बाळंभट वणीच्या सप्तशृंगगडावर गेले आणि तेथे त्यांनी अनुष्ठान मांडले. यापुढची हकीकत श्रद्धेच्या भाषेत सांगितली जाते. देवीच्या कृपेने साक्षात मारुतिरायाने दर्शन देऊन त्यांना लाकडी खांबावरचे डाव शिकविले, असे भाविक म्हणतात. झाडांवर लीलया चढणारी, फांदीला पायांचा विळखा घालून उलटी लोंबणारी आणि अंग झोकून पुन्हा पकड घेणारी वानरे पाहून त्यांना ही युक्ती सुचली, असे दुसरे कोणी सांगतात. मला या दोन हकीकतींत फारसा विरोध दिसत नाही. त्या काळच्या मल्लाला वानराच्या चपळाईत मारुतीच दिसणार!

युक्तीचे मर्म मात्र बालवाचकांनी नीट समजून घेण्याजोगे आहे. बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी बळाने भिडणे बाळंभटांना शक्य नव्हते. त्यांना हवी होती ती पकड, लवचीकपणा आणि चपळाई. कुस्तीचा सराव जोडीदाराबरोबर करावा, तर जोडीदार थकतो, दुखावतो, आणि पेच अर्धवट राहतो. लाकडाचा खांब ना थकतो, ना कळवळतो. त्याला अंग, मान आणि बोंड असे तीन भाग असतात, जणू जमिनीत पाय रोवून उभा राहिलेला मल्लच. त्याला एरंडेल चोळले की तो हातातून निसटू पाहतो, जसा घामाने भिजलेला प्रतिस्पर्धी निसटतो. अशा खांबाला मांड्यांची अढी घालायची, बगलेत धरायचा, त्यावरून उलटे होऊन उतरायचे, आणि हे सारे श्वास न सोडता, झपाट्याने. आदिलाबादच्या रानातल्या सागवानाची आपल्याला नवलाई नाही. मल्लखांब घडविण्यास शिसवीप्रमाणेच हे सागवानही चांगले मानतात.

तयारी करून बाळंभट पुण्यास परतले आणि आखाड्यात उतरले. अंगाने थोराड असलेल्या अलीला त्यांनी पेचात पकडून चीत केले. ते पाहून गुलाबने कुस्तीचा विचार सोडून दिला, असे सांगतात. या कथेत अली-गुलाबांना नुसते गर्विष्ठ म्हणून रंगविण्याची चाल पडली आहे, ती मला रुचत नाही. परमुलखात येऊन भर दरबारात आव्हान देणारे ते मोठेच मल्ल असले पाहिजेत. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या जिल्ह्याने तरी त्यांना केवळ शत्रू समजू नये. ते आले नसते, तर हा तरुण गडावर गेला नसता.

मल्लखांब बाळंभटांनी शून्यातून निर्माण केला, असे मात्र म्हणता येणार नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख आहे, आणि ही कल्याणीही पुढे निजामाच्याच राज्यात होती. मधल्या शतकांत मागे पडलेल्या या विद्येला बाळंभटांनी नवा जन्म दिला, एकेक उडी, पकड आणि उतरण बसविली, आणि शिकविण्याची रीत घालून दिली. म्हणून त्यांना आद्यगुरू म्हणतात, आणि ते यथार्थ आहे.

त्याच सुमारास दूर पूर्वेला कोरिया देशात काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. तेथील राजा जोंगजो याच्या आज्ञेने १७९० साली युद्धविद्येचा एक सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. यी दोक-मू व पाक जे-गा हे दोन विद्वान आणि पेक दोंग-सू हा शस्त्रनिपुण सेनाधिकारी यांनी तो रचला. भाला, तलवार, काठी, हातघाईची झुंज आणि घोड्यावरचे प्रकार मिळून २४ विद्या त्यात चित्रांसह दिल्या आहेत. १९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला, तेथील लाथांच्या चपळ खेळाची तेक्क्योन ही जुनी विद्या मोजक्या जाणत्यांपाशी उरली; पण ग्रंथ शिल्लक राहिला. आज आपली मुले ज्या तायक्वांदोचे धडे घेतात, त्याला ते नाव १९५५ साली मिळाले. त्यात जपानी कराटेचा वाटा मोठा असला, तरी कोरियन लोक त्याचे मूळ आपल्या जुन्या विद्यांत शोधतात आणि त्या ग्रंथाकडे अभिमानाने बोट दाखवितात.

बाळंभटांपाशी असा ग्रंथ नव्हता. आणि राज्य तर त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाले. १८१८ साली बाजीरावांनी इंग्रजांपुढे शस्त्र ठेवले आणि आठ लक्षांचा तनखा घेऊन ते कानपूरजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. शनिवारवाडा गेला, दरबार गेला, आखाड्याला आश्रय देणारे हात दुबळे झाले. दादा आपल्या धन्यामागून उत्तरेस गेले. अडतीस वर्षांच्या त्या पुरुषाच्या मनात त्या प्रवासात काय आले असेल? जी विद्या पुण्याच्या अब्रूसाठी उभी राहिली, ती आता कोणासाठी चालवायची?

दादांनी ती शिष्यांसाठी चालविली. गंगाकाठी आखाडे उभे राहिले. कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारखा शिष्य त्यांना लाभला, आणि काशीत या विद्येची मुळे खोलवर गेली. नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई यांची बालपणची तालीम ब्रह्मावर्ताच्या याच वातावरणात झाली, अशी परंपरा आहे. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव निवर्तले आणि १८५२ साली दादाही गेले. सत्तावन्नचा वणवा त्यांना पाहावयास मिळाला नाही.

गुरूकडून शिष्याकडे, असे करीत मल्लखांब उत्तरेकडून पुन्हा महाराष्ट्रात आणि बडोद्यात पसरला. त्याची शास्त्रशुद्ध नोंद ग्रंथात उतरावयास मात्र पुष्कळ काळ जावा लागला. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, त्यांचे प्रकाशन १९३६ साली सुरू झाले. त्याच वर्षी बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली, त्यांत मल्लखांबही होता. त्याच बर्लिनमध्ये सोन की-जोंग हा कोरियन तरुण मॅरेथॉन शर्यत जिंकला, परंतु त्याच्या छातीवर चिन्ह होते जपानचे. आमच्या पथकाच्या मायभूमीवरही तेव्हा इंग्रजांचेच निशाण फडकत होते.