पंडिता रमाबाई आणि शिकविण्याचा अधिकार

पंडिता रमाबाईंचे नाव खानदेशातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांस नवीन नाही. केडगावच्या मुक्तिसदनाची हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल. परंतु स्त्रीने पुरुषांस शिकवावे की नाही, ह्या वादात बाईंस स्वतः उत्तर द्यावे लागले, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस संस्कृत शिकविले, म्हणून उडुपी येथील धर्मसभेपुढे शास्त्रीबोवांस जाब द्यावा लागला. त्यांनी ग्रंथांचे आधार दाखवून आपला पक्ष सिद्ध केला. पुढे त्याच मातेने आपल्या कन्येस शिकविले. दुष्काळात आईबाप वारले, तरी ती विद्या वाया गेली नाही. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

१८८२ साली पती निवर्तले. पुढील वर्षी बाई लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्या शिकत व संस्कृत शिकवीत. १८८५ साली त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा मुंबई व लाहोर येथील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. असे केल्याने स्वदेशी त्यांचे वजन कमी होईल, असे त्यांस वाटले. म्हणजे बाईंच्या विद्वत्तेत उणे कोणी काढले नाही; लोक काय म्हणतील, एवढीच अडचण होती. रमाबाईंनी कॉलेजच्या प्रमुख बीलबाई ह्यांस नम्रपणे पण स्पष्टपणे कळविले की, हिंदुस्थानात आपण पुरुषांच्या भरसभांत व्याख्याने दिली आहेत, आणि आपली सद्सद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती देण्यास आपण तयार नाही.

१८८९ साली मुंबईस शारदासदन निघाले, आणि पुढे केडगावी दुष्काळपीडित स्त्रियांस आश्रय मिळाला. तेथेच बाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित स्त्रियांसही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. जिला पुरुषांस शिकवू नको म्हटले होते, तिच्या हातचे शास्त्र पुढे स्त्रीपुरुष दोघांनीही वाचले.

रमाबाईंनी पाळकपद मागितले नाही. परंतु स्त्रीच्या अधिकाराचा तोच प्रश्न अँग्लिकन मंडळ्यांत पुढे पाळकाच्या दीक्षेविषयी उभा राहिला. १९४४ साली बिशप हॉल ह्यांनी फ्लॉरेन्स ली टिम-ओई ह्या चिनी बाईंस दीक्षा दिली. त्या अँग्लिकन मंडळीतील पहिल्या स्त्री पाळक होत. ऑस्ट्रेलियात १९९२ साली अशी दीक्षा थांबविण्यासाठी वाद कोर्टात गेला. इंग्लंडात त्याच वर्षी धर्मसभेने स्त्रियांच्या दीक्षेस संमती दिली, तेव्हा असा ठराव करण्याचा तिला अधिकारच नाही, असे म्हणून विरोधक कोर्टात गेले. १९९३ साली कोर्टाने त्यांचे म्हणणे फेटाळले, आणि १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल येथे ३२ स्त्रियांस दीक्षा मिळाली. आपल्या देशात दक्षिण भारताच्या मंडळीत पुष्पा ललिता ह्या २०१३ साली बिशप झाल्या.

बंधुभगिनींनो, कोर्ट एवढेच सांगू शकते की मंडळीस ठराव करण्याचा अधिकार आहे की नाही. पाचारण देणे हे कोर्टाच्या हाती नाही, बिशपाच्याही नाही. ते प्रभूच्या हाती आहे. मंडळीचे काम ते ओळखण्याचे. तेव्हा आपल्या गावी एखादी भगिनी शास्त्र समजून घेऊन शिकवू लागली, तर तिला गप्प करण्यापूर्वी उपदेशकांनी आपल्या मनास विचारावे की, आपली हरकत शास्त्राची आहे, की लोकलज्जेची?