जो लुई : ऋण फेडण्यासाठी पुन्हा रिंगणात

जिंकलेल्यांची चरित्रे मुलांपुढे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती योग्यच आहे. तथापि या स्मरणिकेसाठी आम्ही जे चरित्र निवडले, त्याचा गाभा एका पराभवात आहे. येलदरीच्या या परिसरात, पूर्णेच्या धरणाच्या सोबतीने वाढणारी आमची मुले संध्याकाळी मैदानावर उतरली की त्यांची चपळाई पाहून मन प्रसन्न होते. त्यांतील काही जण आम्हांला विचारतात, की शरीर कमावले म्हणजे भरती होते, मग गणिताची आणि पुस्तकांची एवढी सक्ती कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका बलाढ्य माणसाचे आयुष्य सांगून द्यावे, असे आम्हांस वाटले. हा माणूस म्हणजे हेवीवेट मुष्टियुद्धाचा जगज्जेता जो लुई.

त्यांचे पूर्ण नाव जोसेफ लुई बॅरो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, लाफायेट गावाजवळ १३ मे १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. आजी-आजोबांची पिढी गुलामगिरीतून आलेली होती. कायद्याने गुलामी संपली होती, परंतु जमीन दुसऱ्याची, कापूस दुसऱ्याचा आणि कसणारा बटईदार काळा, हा व्यवहार तसाच चालू होता. आठ भावंडांत जो सातवा. तो दोन वर्षांचा असतानाच वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. आईने कष्टाने मुले वाढविली आणि पुढे पुन्हा विवाह केला. जो उशिरा बोलू लागला. बोलताना तो अडखळत असे आणि पुढे आयुष्यभर मितभाषीच राहिला.

१९२६ साली हे कुटुंब उत्तरेकडे डेट्रॉइट या औद्योगिक शहरात गेले. तेथे मोटारींच्या कारखान्यांत काळ्या माणसालाही काम मिळत होते. जो एका उद्योगशाळेत सुतारकाम शिकू लागला. मुलाने व्हायोलिन शिकावे म्हणून आई शिकवणीचे पैसे देई आणि जो ते पैसे मुष्टियुद्धाच्या आखाड्यात भरी, ही हकिगत प्रसिद्ध आहे. पुढे महामंदी आली. कामे गेली. कुटुंबाला काही काळ सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. मुष्टियुद्धात पैसे मिळू लागताच लुई यांनी ती मदतीची सर्व रक्कम सरकारला परत केली. ती परत मागितलेली नव्हती. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण सरकारच्याच देण्यासाठी त्यांना पुढे थकल्या शरीराने रिंगणात उतरावे लागले.

४ जुलै १९३४ रोजी शिकागो येथे त्यांनी पहिली व्यावसायिक लढत पहिल्याच फेरीत जिंकली. जॅक ब्लॅकबर्न हे त्यांचे प्रशिक्षक. जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक हे व्यवस्थापक. हे तिघेही काळे होते. १९०८ ते १९१५ या काळात जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता होऊन गेला होता; त्याच्या बेधडक वागण्यामुळे गोरा समाज चिडला होता आणि त्यानंतर कोणाही काळ्या मुष्टियोद्ध्याला हेवीवेट विजेतेपदाची संधीच देण्यात आली नव्हती. म्हणून लुई यांना नियम घालून देण्यात आले. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे हसावयाचे नाही. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यावयाचे नाही. लढत निर्मळ ठेवावयाची. लुई यांनी हे नियम पाळले. विजयाचा आनंदही उघडपणे व्यक्त न करण्याचे ते ओझे केवढे असेल, याची कल्पना आपल्या समाजाच्या मागील पिढ्यांना सहज करता येईल.

१९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंग याने त्यांना बाराव्या फेरीत पाडले. डाव्या हाताचा सरळ ठोसा मारल्यावर लुई तो हात खाली येऊ देतात, हे श्मेलिंगने हेरले होते आणि त्याच फटीतून त्याचा उजवा ठोसा आत शिरला. लुई यांनी ही चूक सुधारली. २२ जून १९३७ रोजी जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत हरवून तेविसाव्या वर्षी ते जगज्जेते झाले. बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सुमारे सत्तर हजार प्रेक्षकांसमोर श्मेलिंग पुन्हा उभा राहिला. त्याच्यामागे हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाचा गाजावाजा होता. लढत १२४ सेकंदांत संपली. ज्या देशात काळ्या माणसाला अनेक उपाहारगृहांत प्रवेश नव्हता, त्या देशाने त्या रात्री एका काळ्या माणसाला आपला प्रतिनिधी मानले. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सदस्य नव्हता आणि त्याच वर्षी त्याने दोन ज्यू मुलांना आपल्याकडे लपवून वाचविले, हेही सांगितले पाहिजे. पुढे हे दोघे स्नेही झाले.

जगज्जेतेपद लुई यांनी ११ वर्षांहून अधिक काळ राखले आणि २५ वेळा त्याचे रक्षण केले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जानेवारी व मार्च १९४२ मधील दोन लढतींचे आपले मानधन अनुक्रमे नौदलाच्या व भूदलाच्या साहाय्यता निधीस दिले आणि स्वतः सैन्यात दाखल झाले. सुमारे ९६ प्रदर्शनीय लढती करून त्यांनी वीस लाखांच्या आसपास सैनिकांचे मनोरंजन केले. जॅकी रॉबिन्सन व इतर काळ्या शिपायांना अधिकारी-प्रशिक्षणाचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून त्यांनी आपले वजन खर्च केले. हाच रॉबिन्सन पुढे १९४७ मध्ये अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल संघात उतरून तेथील वर्णभेदाची भिंत पाडणार होता.

येथवरची कथा गौरवाची आहे. आता हिशेबाकडे वळू. लुई यांच्या लढतींतून सुमारे ४६ लाख डॉलर मिळाले असे सांगतात; त्यांपैकी त्यांच्या हाती सुमारे ८ लाखच पडले. व्यवस्थापकांचा वाटा, प्रशिक्षकाचा वाटा आणि सरावाचा खर्च वजा जाता जे उरे, ते उदार हाताने वाटले जाई. आईला घर, बहिणीला महाविद्यालयीन शिक्षण, मित्रांच्या फसलेल्या धंद्यांना भांडवल आणि जुगारात गेलेल्या रकमाही. निधीस दिलेले मानधनसुद्धा त्यांच्या उत्पन्नात धरले गेले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. युद्धाच्या काळात उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर नव्वद टक्क्यांहून अधिक कर होता. म्हणजे मागील कर फेडण्यासाठी नवी लढत करावी, तर त्या लढतीच्या कमाईवर नवा कर बसे आणि जुन्या थकबाकीवर व्याज चढतच राही. आमच्या भागातील ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मागच्या हंगामाची उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाची उचल घ्यावी लागते. कोयता थांबत नाही आणि खातेही मिटत नाही. लुई यांचे हात लाखांचे होते, परंतु वही दुसऱ्यांच्या हाती होती.

१ मार्च १९४९ रोजी ते अजिंक्य जगज्जेते म्हणून निवृत्त झाले. तसे पाहता चरित्र येथेच सन्मानाने संपावयास हवे होते. परंतु कराची थकबाकी लाखो डॉलरांच्या घरात होती आणि पैसे मिळविण्याचा दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता. म्हणून २७ सप्टेंबर १९५० रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते पुन्हा यांकी स्टेडियममध्ये उतरले. समोर नवा जगज्जेता एझार्ड चार्ल्स होता. तोही काळा होता आणि लुई यांना आदर्श मानत आलेला होता. लुई यांचे वजन २१८ पौंड, चार्ल्सचे सुमारे १८४. एके काळी हेच वजन प्रतिस्पर्ध्याला धडकी भरवीत असे. आता ते स्वतः लुई यांच्याच पायांना झेपेना. फट दिसे, परंतु हात तेथे पोहोचेपर्यंत ती मिटलेली असे. पंधरा फेऱ्या ते उभे राहिले. एक डोळा सुजून मिटला. पंचांनी एकमताने चार्ल्सला विजयी ठरविले. बारा वर्षांपूर्वी सत्तर हजारांनी भरलेल्या त्याच मैदानावर त्या रात्री बावीस हजारांच्या आसपास प्रेक्षक होते.

शहाण्या माणसाने तेथे थांबावे, असे आपण म्हणू. परंतु थांबण्याचे स्वातंत्र्य ऋणको माणसाला नसते. पुढील वर्षभरात लुई यांनी लागोपाठ आठ लढती जिंकल्या. जून १९५१ मध्ये ली सॅव्होल्डला सहाव्या फेरीत पाडले, तेव्हा जुना लुई परतला असे अनेकांना वाटले. ते खरे नव्हते. डावा हात अनुभवाने अजून अचूक चालत होता, पण ज्या उजव्या हाताने एके काळी लढती संपत, तो आता मनाच्या आज्ञेला उशिरा साद देत होता.

२६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांची गाठ अठ्ठावीस वर्षांच्या रॉकी मार्सियानोशी पडली. लुई सदतीस वर्षांचे होते. पहिल्या काही फेऱ्या त्यांनी डाव्या हाताच्या बळावर निभावल्या. आठव्या फेरीत मार्सियानोच्या डाव्या ठोशाने ते खाली गेले. आठ अंक मोजले जाताच उठले. त्यानंतर आणखी डावे ठोसे आले आणि शेवटी उजवा. लुई दोरांमधून मागे कोसळले. पंचाने अंक मोजलेच नाहीत, लढत थांबविली. मार्सियानो लहानपणापासून लुई यांचा चाहता होता. तो त्यांच्या खोलीत गेला आणि विजयी असूनही रडला. ती लुई यांची शेवटची अधिकृत लढत. एकूण ६६ विजय आणि ३ पराभव. त्यांपैकी दोन पराभव या पुनरागमनातील.

ऋण तरीही फिटले नाही. आई वारल्यावर वारशाने आलेली लहानशी रक्कमही कराकडे गेली. १९५६ मध्ये त्यांनी पैशांसाठी दिखाऊ कुस्त्या केल्या. त्यांत छातीला इजा होऊन तेही बंद पडले. १९५९ मध्ये त्यांच्याशी विवाह केलेल्या मार्था या वकील होत्या. त्यांच्या खटपटीने आणि कर खात्याने पुढे घेतलेल्या नरमाईच्या धोरणाने श्वास घेण्याइतकी सवलत मिळाली. नंतर व्यसन आले, मानसिक आजार आला आणि १९७० मध्ये रुग्णालयात राहावे लागले. अखेरची वर्षे लास वेगास येथील एका जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करण्यात गेली. १२ एप्रिल १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी सन्मानाने निरोप देण्यात आला. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत मॅक्स श्मेलिंगही होता. राष्ट्राचे सुवर्णपदक पुढील वर्षी, १९८२ मध्ये, देण्यात आले.

आपल्याकडे असे घडले नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. लुई यांनी रिंगण सोडले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथे जाण्यासाठी त्यांना लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. परतल्यावर बैलगाड्यांची प्रचंड मिरवणूक निघाली. अर्जुन पुरस्कार मात्र १९८४ मधील त्यांच्या मृत्यूनंतर मिळाला. मिरवणूक काढण्यास एक दिवस पुरतो. मिरवणुकीनंतरची तीस वर्षे सांभाळण्याची व्यवस्था समाजाला अजून उभारावयाची आहे.

म्हणून आमच्या मुलांना आम्ही सांगतो, की मैदान सोडू नका. दंड-बैठका काढा, पळा, भरतीची स्वप्ने पाहा. पण लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाने सहीपूर्वी कागद वाचावा, आपल्या मिळकतीची वही आपल्याच हाताने लिहावी आणि शरीर थकेल त्या दिवसासाठी दुसरे एखादे काम शिकून ठेवावे. लुई यांच्या हातात सुतारकाम येता येता राहिले. आणि मोठ्यांना आम्ही एवढेच विनवितो, की ज्याच्या विजयाने आपली मान उंचावते, त्याच्या पडत्या काळात त्याला थांबता येईल एवढा आधार आपण दिला पाहिजे. न मागितलेली मदत सरकारला परत करणारा तो तरुण आमच्या मनातून जात नाही. त्याला घेणे कळत होते आणि देणेही कळत होते. हिशेब मात्र त्याला कोणी शिकविला नाही.