फादर लादानी : वर्तमानपत्रांतून चीन वाचणारा माणूस

एखाद्या देशाचा अभ्यास करायचा तर तिथे जाऊन राहायला हवे, असे आपण धरून चालतो. फादर लाझ्लो लादानी यांनी १९४९ साली चीन सोडला आणि पुढची तीस-बत्तीस वर्षे हाँगकाँगमध्ये बसून त्या देशाचा अभ्यास केला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ह्या माणसाचे मोठे कुतूहल आहे.

ते मूळचे हंगेरीचे, जन्म १९१४ चा. जेझुइट संघात शिरून १९३६ साली ते चीनला गेले. ऑगस्ट १९५३ मध्ये त्यांनी हाँगकाँगहून 'चायना न्यूज ॲनॅलिसिस' नावाचे मोजक्या पानांचे पत्रक सुरू केले आणि १९८२ पर्यंत चालविले. साधने काय, तर चीनचीच सरकारी वर्तमानपत्रे आणि आकाशवाणी. राजधानीचे पत्र एक सांगते, प्रांताचे दुसरे. गेल्या वर्षीचा शब्द यंदा का गळला? बेळगावात एकच बातमी मराठी आणि कानडी पत्रांत ताडून पाहणाऱ्यांना ही रीत अनोळखी वाटू नये!

आता धान्याचेच पाहा. १९५८ चे उत्पादन साडेसदतीस कोटी टन झाल्याचे पेकिंगने जाहीर केले. ऑगस्ट १९५९ मध्ये तोच आकडा पंचवीस कोटींवर आला, आणि आज तो वीस कोटींच्या आसपास धरतात. पण सरकारी वसुली झाली ती फुगवलेल्या आकड्यांवर. शेतकऱ्याच्या घरी उरणार काय? त्या दुष्काळात किमान दीड कोटी माणसे मेली. काही अभ्यासकांचा अंदाज ह्याच्या तिप्पट आहे. त्याच काळात चीन पाहून आलेले काही नामवंत पाहुणे मात्र दुष्काळ नाहीच म्हणून सांगत होते. हाँगकाँगचे लोक तेव्हा पलीकडच्या नातेवाइकांना अन्नाची पार्सले धाडीत होते.

परराष्ट्रधोरणालाही हीच दृष्टी लागते. १ ऑक्टोबर १९७१ ला पेकिंगचे नेहमीचे संचलन झाले नाही आणि संरक्षणमंत्री लिन पियाव यांचे नाव छापणे बंद झाले. वर्तमानपत्रात काय नाही, हे पाहणाऱ्याला तेवढे पुरे होते. निक्सन यांची पेकिंगभेट तेव्हा चार-पाच महिन्यांवर होती.

धर्मगुरू म्हणून लादानींना साम्यवाद मुळीच मानवत नसे, आणि त्यामुळे त्यांना पूर्वग्रहदूषित म्हणणारेही होते. मला तो आक्षेप लंगडा वाटतो, कारण त्यांचा पुरावा प्रतिपक्षाच्याच छापखान्यातला होता.

चिनी साम्यवादी पक्षावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९८८ साली निघाला. १९९० साली ते वारले. चीनमधील कायद्यावरचे त्यांचे पुस्तक त्यानंतर, १९९२ साली प्रसिद्ध झाले.